हजेरीपट आणि पट्टा

(देवरी तालुक्यातल्या शिबिरात संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या वतीने मांडलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे. मधे जे प्रश्न आले ते त्या त्या जागी घातले आहेत.)



सकाळपासून आपण जमिनीवर बोलतो आहोत. जबरान जोतीचे दावे, ग्रामसभेचा ठराव, दंडाच्या पावत्या. आता जेवणानंतर मजुरीवर बोलायचं ठरलं आहे. मघाशी एका काकांनी विचारलं, "संघटना तं जमिनीची हाय जी, हे नोकरीचं कायले काढता?" प्रश्न बरोबर आहे. दोन वर्षांमागे आम्हीही हाच प्रश्न विचारला असता. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत आहे.

गेल्या मिरगाच्या तोंडावर एका गावात जबरान जोतीच्या बांध्यांवर पन्नास-साठ मजूर आले. हाती कुदळ-फावडे, ट्रॅक्टरमधे सागाची रोपं. पऱ्हे टाकण्यासाठी नांगरून ठेवलेल्या बांध्यांत त्यांनी चर खोदायला सुरुवात केली. गाव धावत गेलं. सगळ्यांच्या पुढं जी बाई होती तिनं पाहिलं, तर पहिल्या चरात कुदळ मारणारा तिच्याच बहिणीचा पोरगा. ती म्हणाली, "बापू, हे बांधी तुह्या आज्यानं काढली ना गा." पोराने मान वर केली नाही. म्हणाला, "मावशी, मी नाई खोदलं तं उद्या माह्यं नाव कटते."

चर खोदले गेले. त्या बाईचं त्या साली धान झालं नाही. पोराला त्या दिवसाचे ४५ रुपये मिळाले, तेही दीड महिन्यानं.

रात्री आम्ही त्या गावात बसलो. लोक तापलेले होते. त्या पोराला कोणी पाणी द्यायचं नाही, असं बोलणं निघालं. आम्ही समजूत घातली, पण खरं सांगतो, आमच्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. "नाव कटते" म्हणजे नेमकं काय होते, हे आम्ही इतक्या वर्षांत नीट विचारलंच नव्हतं. साहेबाला शिव्या घालणं सोपं होतं. साहेबाच्या मागं कुदळ घेऊन येणारा माणूस कोण, तो कायले येतो, हे पाहायचं राहून गेलं. ती आमची चूक. मागाहून आम्ही त्या पोरासोबत आणि त्याच्या टोळीतल्या आणखी काही जणांसोबत चार-सहा वेळा बसलो. जे कळलं ते मांडतो.

हा पोरगा १९९१ पासून रोजंदारीवर आहे. म्हणजे आता पोरगा राहिला नाही, त्याचीच पोरं शाळेत जातात. उन्हाळ्यात जाळरेषा काढतो, वणवा विझवतो. पावसाळ्यात रोपवन लावतो. हिवाळ्यात रोपवाटिकेत माती चाळणं, पिशव्या भरणं. रात्रीची गस्त पडली तर गस्त. त्याच्याच गावचा एक दादा त्याच टोळीत आहे, तो कायम वनमजूर. दोघं एका सायकलवर डबल सीट कामावर जातात. एकच वणवा दोघं विझवतात. पळसाचा डगळा या हातात तसाच त्या हातात.

आता पैसे पाहू. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारी चौथ्या वर्गाची सर्वांत खालची वेतनश्रेणी २५५० ते ३२०० होती. म्हणजे कायम मजुराचा नुसता पाया २५५०. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं. आठवड्याची सुट्टी पगारी. आजारी पडला तर रजा. म्हातारपणी पेन्शन. आपल्या पोराचा रोज ४५. महिन्याचे २६ दिवस पुरे भरले तर ११७०. पण पुरे भरतच नाहीत. वर्षात त्याचे २३०-२३५ दिवस होतात, त्याच्या वर जात नाहीत. (हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्यावर पुन्हा येतो.) २३५ दिवसांचे झाले १०,५७५ रुपये. कायम मजुराचे वर्षाचे, भत्ते सोडून, ३०,६००. मधली तफावत २०,०२५ रुपयांची. एका वर्षाची. सायकल तीच, वणवा तोच.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलून ठेवतो, कारण आपल्या बैठकीत कधी कधी सूर वाकडा लागतो. त्या कायम दादाला जे मिळते ते जास्त नाही. २५५० रुपयांत कोणी माडी बांधत नाही. आणि ते त्याला कोणी खैरात म्हणून दिलेलं नाही. र. ग. कर्णिकांच्या काळात, १९७७-७८ साली, या राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला, महागाई भत्त्यासाठी. चोपन्न दिवस पगाराविना घर चालवणं काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून कायमवाल्यांचं कमी करा, ही आपली मागणी नाही. कोणी तशी घोषणा दिली तर थांबवा.

पण मग हा दादा कायम कसा झाला आणि पोरगा कसा नाही? दादा काही जास्त शिकलेला नाही, तोही सही करताना जीभ बाहेर काढतो. फरक एका तारखेचा आहे.

३१ जानेवारी १९९६ ला राज्य सरकारने वनखात्यातल्या रोजंदारी मजुरांना कायम करण्याचा निर्णय काढला. अट अशी की १ नोव्हेंबर १९९४ पर्यंत सलग पाच वर्षं, दरवर्षी निदान २४० दिवस काम भरलेलं पाहिजे. अशांसाठी अधिसंख्य पदं निर्माण केली. दादा १९८७ पासून होता, त्याचे हजेरीपट सापडले, तो कायम झाला. आपला पोरगा १९९१ ला लागला. त्या तारखेला त्याची पाच वर्षं भरत नव्हती. आज बारावं वर्ष चालू आहे, पण बारा वर्षांचा उपयोग नाही, कारण तारीख मागं राहून गेली.

आता बाया-भावांनो, हे ऐकून तुम्हाला काही आठवते की नाही? आपल्या जमिनीचंही असंच नाही का? २७ डिसेंबर १९७८ चा शासन निर्णय: १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात ज्याची जोत होती त्याची कायम करायची. त्यानंतर २५ ऑक्टोबर १९८० ला वनसंवर्धन कायदा आला आणि दार लागलं. या धुऱ्याच्या भावाला पट्टा मिळाला आणि त्या धुऱ्याच्या भावाला नाही, असं आपल्या किती गावांत आहे? दोघांच्या बापाने एकाच उन्हाळ्यात झुडपं काढली, पण एकाचा पंचनामा झाला आणि दुसऱ्याचा झाला नाही. एकाचं नाव चढलं, दुसरा अतिक्रमक ठरला.

म्हणून आम्ही काकांना सांगतो की हा जमिनीहून वेगळा विषय नाही. एकाच माणसाची जमीनही तात्पुरती आणि मजुरीही तात्पुरती. आणि हे आजचं नाही. मध्य प्रांतात इंग्रजांच्या जंगलखात्याने जंगलात वनग्रामं वसवली, ती काही आदिवासींच्या प्रेमापोटी नाही. कूप तोडायला, आग विझवायला, रस्ते करायला हाताशी माणूस पाहिजे होता. त्याला राहायला जागा दिली, कसायला तुकडा दिला, पण मालकी दिली नाही. मालकी दिली असती तर तो सकाळी आपल्या बांधीत गेला असता, साहेबाच्या कूपात आला नसता. १९५१ ला जमीनदारी-मालगुजारी गेली, त्यांचं जंगल सरकारकडे आलं. झेंडा बदलला, बेगारीला मजुरी म्हणू लागले, पण माणूस कधीही उठवता येईल अशा जागी बसलेला राहिला पाहिजे, ही रीत काही बदलली नाही.

तात्पुरतं काम म्हणजे थोड्या दिवसांचं काम, असं आपण समजतो. रोवण्याला दहा बाया बोलावल्या, रोवणा संपला, घरी गेल्या, हे तात्पुरतं. तेंदूचा फड दोन-तीन आठवडे चालतो, सत्तर पानांचा पुडा, शेकड्यावर भाव, पाऊस आला की फड बंद, हेही तात्पुरतं. त्याच्यावर वाद नाही. (भाव किती मिळतो त्याच्यावर आहे, पण तो आजचा विषय नाही.) पण जंगल काय तात्पुरतं आहे? वणवा दरसाल लागतो. रोपवाटिका दरसाल भरते. १९७४ साली वनविकास महामंडळ झालं, तेव्हापासून आपल्या भंडारा-गोंदियाचं मिश्र जंगल कापून साग लावणं चालू आहे. सागाला तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं पाणवठे, रस्ते, गस्त हे काम काही पुढल्या साली संपणार नाही. काम कायमचं आहे, फक्त माणूस तात्पुरता लिहिलेला आहे.

तो तसा कसा लिहिला जातो ते आता पाहू. मघाशी २३५ चा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. कायद्यात २४० दिवसांना वजन आहे. वर्षात २४० दिवस भरले की माणूस सलग नोकरीत होता असं धरतात. म्हणून २३० च्या वर काटा गेला की काम बंद. "आता पंधरा दिवस नको येऊ." काही ठिकाणी काम बंद होत नाही, फक्त नाव बंद होते. माणूस कामावरच, पण हजेरीपटावर त्याच्या भावाचं नाव, बायकोचं नाव, कधी बापाचं. एका भावाने आम्हाला सांगितलं की त्याचा बाप मेल्यावर दोन पंधरवडे कामावर होता. तो हसत सांगत होता. आम्हीही हसलो.

दुसरी रीत अशी की हजेरीपटाचं मथळं बदलायचं. या महिन्यात काम योजनेच्या पैशात, पुढल्या महिन्यात तेच काम रोजगार हमीच्या पैशात. खड्डा तोच, रोप तेच. पण रोजगार हमीवरचे दिवस खात्याच्या २४० मधे धरत नाहीत. रोजगार हमीचा कायदा चांगला आहे, तो लोकांनी लढून मिळवला, मागेल त्याला काम देण्यासाठी. जो आधीच कामावर आहे त्याचे दिवस खाण्यासाठी तो केलेला नाही.

आणि बायांचं तर विचारूच नका. रोपवाटिकेत जाऊन पाहा, पिशव्या भरणाऱ्या, रोपं बदलणाऱ्या, पाणी घालणाऱ्या जवळपास साऱ्या बाया. वीस-वीस वर्षांपासून. आमच्या ओळखीच्या एका रोपवाटिकेत बाई पिशव्या भरते आणि अंगठा नवऱ्याचा, कारण पहिल्यापासून नाव त्याचं चढलं होतं. नवरा दारू पिऊन घरी पडलेला असला तरी कागदावर तो हजर आहे. उद्या कायम करायची वेळ आली तर कोण कायम होईल? आमच्या यादीत आम्ही बाईचं नाव घेणार. नवऱ्याला राग आला तर येऊ दे.

(इथं एका बाईने विचारलं: "मंग बिडीवालीचं का? तिचं तं हजेरीपटच नाई.")

बाईचं म्हणणं खरं आहे. गोंदिया बिडीचं गाव. सट्टेदार पान-तंबाखू घरी आणून देतो, बिड्या घेऊन जातो, छाट काढतो. कारखानदार म्हणतो ही माझी मजूर नाही, सट्टेदाराची आहे. सट्टेदार म्हणतो मी पोच्या माणूस. १९६६ च्या बिडी कामगारांच्या कायद्याने घरी बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. पण त्याचं वेगळं शिबिर घ्यावं लागेल. आज आपण जंगलातल्या कामावरच राहू, नाहीतर संध्याकाळ होईल.

कायदा काय म्हणतो? आम्ही वकील नाही, पण इतकं सांगू शकतो. या राज्यात १९७१ चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय करू नये याची यादी दिली आहे. त्यात सहावी बाब अशी: कायम कामगाराचा दर्जा आणि हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून ठेवणं. हा शब्दाला शब्द नाही, पण अर्थ हाच.

आता सरकार म्हणालं, हा कायदा उद्योगाला लागतो, वनखातं काय उद्योग आहे? जंगल राखणं हे तर राज्याचं सार्वभौम काम आहे. हा वाद पुण्यातून वर गेला. पुण्याजवळ पाचगाव पर्वतीच्या टेकड्यांवर झाडं लावायची योजना होती, तिथले रोजंदारी मजूर औद्योगिक न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मधे निकाल दिला. न्यायालय म्हणालं, या योजनेचं काम उद्योगातच मोडते, सार्वभौम कामात नाही. पाच-पाच सहा-सहा वर्षं माणसाला रोजंदारीवर ठेवता, त्यातूनच तुमचा हेतू दिसतो. मजुरांना कायम करण्याचा आदेश टिकला. पुढल्याच महिन्यात, जानेवारी १९९६ ला, तो शासन निर्णय निघाला ज्यात आपला दादा कायम झाला. त्या टेकडीवरच्या मजुरांना गोंदिया कुठं आहे हे माहीत नसेल, पण आपल्या दादाच्या पगारात त्यांचाही वाटा आहे.

पगाराचंही तसंच. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मधे समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. तिथं ते पुरुष आणि बाई यांच्यासाठी लिहिलेलं आहे. पण १९८६ मधे सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बांधकाम खात्यातल्या रोजंदारी मजुरांना कायम मजुरांइतका पगार आणि भत्ते द्यायला सांगितलं. म्हणजे कायम करा हा एक भाग, आणि कायम करेपर्यंत सारखं काम तर सारखा पैसा द्या हा दुसरा भाग. आपण दोन्ही मागू. पहिल्याच्या नादात दुसरं विसरायचं नाही, कारण पहिल्याला वर्षं लागतात आणि पोट रोज आहे.

(एका तरुणाने विचारलं: "कायदा एवढा चांगला हाय तं मंग आमी काहून परमनंट नाई?")

त्याचं उत्तर कागदात आहे. फेब्रुवारी २००२ मधे कर्नाटकातल्या एका वनमजुराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तो म्हणत होता, मी २४० दिवस भरले. खालच्या न्यायालयाने वनखात्याला सांगितलं होतं, भरले नाहीत हे तुम्ही सिद्ध करा. वर ते उलटलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भरले हे मजुराने सिद्ध करायचं, आणि त्याचं एकट्याचं शपथपत्र पुरणार नाही. मजुरी मिळाल्याची पावती पाहिजे, नाहीतर नेमणुकीचा काही कागद पाहिजे. आता ज्या हजेरीपटावर अंगठा घेतला तो साहेबाच्या कपाटात. पावती कधी दिलीच नाही. नेमणुकीचं पत्र तर रोजंदाराने डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. आणि सिद्ध करायचं मजुराने.

त्याच सालात दुसरं काय झालं ते पाहा. मे २००२ मधे दिल्लीहून पत्र आलं की जंगलातली अपात्र अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढून टाका. चर खोदणं, रोपं लावणं, हे सगळं त्या घाईतलं. ठिकठिकाणच्या संघटना उठल्या, मोर्चे निघाले. आणि १० ऑक्टोबर २००२ ला राज्य सरकारला निर्णय काढावा लागला की गावपातळीवर समित्या नेमून, ग्रामसभेत दावे तपासायचे. सरकारी कागद नसला तरी दुसरा पुरावा पाहायचा. म्हाताऱ्यांची साक्ष, पार, विहीर, झाडं. हे आपल्याला कसं मिळालं ते तुम्हाला माहीत आहे. धुळ्या-ठाण्याकडच्या भावांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मार्च १९९५ मधे आदेश आणला, त्यानंतरही सात वर्षं रस्त्यावर राहावं लागलं.

आम्ही हे दोन कागद, मजुराचा निकाल आणि जमिनीचा निर्णय, एकापुढं एक ठेवून पुष्कळ वेळ पाहत बसलो होतो. जमिनीच्या दाव्यात गावाची साक्ष चालते. आणि हजेरीच्या दाव्यात माणसाची शपथ एकटी पडते. पण एक नीट वाचा. एकट्याची शपथ पुरत नाही असं न्यायालय म्हणालं. गावाची साक्ष, टोळीची साक्ष, त्याला जोडून कागद, हे नको असं कोणी म्हटलेलं नाही. एकटा गेला म्हणून तो पडला. जमिनीत आपण एकटे जात नाही, गाव घेऊन जातो. मजुरीत आपला माणूस आजवर एकटाच साहेबापुढं उभा राहिला.

म्हणून आमचा प्रस्ताव आहे. जमिनीच्या दाव्याची जी फाईल आपण गावोगाव करतो आहोत, तशीच हजेरीची वही करायची. आपल्याला हे काम येते. दंडाची पावती आपल्याला शिक्षा म्हणून मिळाली होती, तीच आज जोतीचा पुरावा झाली. ज्यांनी रागाच्या भरात पीओआरचा कागद चुलीत घातला ते आज हळहळतात. तसंच मजुरीचं. रोपवनाच्या तोंडाशी खात्याचा फलक असतो, सिमेंटचा नाहीतर पत्र्याचा. त्यावर साल, क्षेत्र, किती रोपं, सगळं लिहिलेलं असते. कोणी लावली ते सोडून. ते गावाला माहीत आहे. सालासाल गावात बसून लिहून काढा: या सालचं रोपवन, टोळीत कोण कोण होते, मुकादम कोण, किती दिवस चाललं, मजुरी किती मिळाली. वणव्यात कोणाचा पाय भाजला, कोणत्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचा कागद निघू शकतो. बँकेत नाहीतर पोस्टात कधी मजुरी जमा झाली असेल तर पासबुक. साहेबाने कधी दिलेली चिठ्ठी, "यास डेपोवर पाठवावे" एवढीच का असेना, ती जपून ठेवा. मेलेल्या बापाच्या नावावर हजेरी लागली असेल तर मृत्यूचा दाखला आणि तो पंधरवडा, दोन्ही लिहा. चोरी पकडायला याहून चांगला कागद नाही.

आणि राज्यात सप्टेंबर २००२ पासून माहितीचा अधिकार लागू झाला आहे. हजेरीपट, व्हाउचर, मापपुस्तक, रोपवनाची नोंदवही यांच्या नकला अर्ज करून मागता येतात. अर्ज त्या पोराच्या नावाने टाकायचा नाही, संघटनेच्या कार्यकर्त्याच्या नावाने टाकायचा. आमची नावं कटायला कोणत्या हजेरीपटावर नाहीत.

सागाचं झाड कापलं की त्याच्या बुंध्यावरच्या कड्या मोजून साहेब सांगतो, हे इतक्या वर्षांचं. लावणारा समोर उभा असतो, त्याला मात्र पुरावा मागतात.

आता सगळ्यात कठीण भाग. जे आपल्या बांध्या खोदायला येतात त्यांच्यासाठी आपण मोर्चा काढायचा का? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. ज्या गावांत चर पडले तिथल्या लोकांचा राग खोटा नाही. आम्ही त्या टोळीला स्पष्ट सांगितलं, तुमची मागणी आम्ही घेऊ, पण तुम्हीही एक ठरवा. ज्या जमिनीचा दावा ग्रामसभेपुढं आहे तिच्यावर कुदळ चालवायची नाही. एकाने नाही म्हटलं तर त्याचं नाव कटेल हे आम्हाला कळते. पन्नास जणांनी एकाच सकाळी नाही म्हटलं तर काय होईल? त्यांच्यात दोन मतं आहेत. अर्धे म्हणतात, साहेब दुसऱ्या तालुक्यातून मजूर आणेल. आणू शकतो. तेवढ्यासाठी शेजारच्या तालुक्यांतही हेच बोलणं चालू करावं लागेल, आणि ते अजून झालेलं नाही. म्हणून आम्ही आज तुम्हाला खात्री देत नाही. मत मागतो आहोत.

(एका भावाने म्हटलं: "पट्टा भेटला तं नोकरी कायले पाह्यजे? साहेबाची गुलामी कायले?")

भाऊ, दीड-दोन एकर पावसाच्या पाण्याची बांधी, तीही इटियाडोहाच्या कालव्यापासून लांब. धान किती होते ते तूच सांग. पाच-सहा महिने घर खाते. बाकीचे महिने मोहफूल, टोरी, तेंदू आणि मजुरी. पट्टा भेटल्यावरही मजुरी राहणारच आहे. तेव्हा ती मान खाली घालून करायची की वर करून, एवढाच प्रश्न आहे. आणि उलटंही आहे. ज्याच्या घरात सहा महिन्यांचं धान आहे तोच साहेबाला नाही म्हणू शकतो. त्या पोराकडे स्वतःची बांधी असती तर त्याने मावशीच्या बांधीत कुदळ घातली नसती, असं आम्हाला वाटते. खात्रीने कोण सांगेल?

ग्रामसभांनी ठरवायचं ते असं. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात रोजंदारी वनमजुरांच्या तीन मागण्या घ्यायच्या का: १९९४ च्या तारखेनंतरचे मजूर कायम करा, तोपर्यंत सारख्या कामाला सारखा पैसा द्या, आणि हजेरीसाठी गावाची साक्ष धरा. प्रत्येक गावाने आपलं मत लिहून कळवावं. नको वाटत असेल तर तेही लिहा, कारणासकट. औद्योगिक न्यायालयात सामूहिक तक्रार करायची झाल्यास नागपूरला खेपा कराव्या लागतील, त्याच्या खर्चाचंही बोलावं लागेल. अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते, म्हणून ज्याचं नाव नुकतंच कटलं आहे त्याने शिबिर संपल्यावर लगेच आम्हाला भेटावं, पुढल्या महिन्यात नको.

त्या मावशीचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो, हजेरीच्या वहीचं सांगायला. १९९१ चं रोपवन तिच्या घरामागंच आहे, त्या साली टोळीला आंबील तीच नेऊन देत होती. कोण कोण होतं ते तिला तोंडपाठ आहे, बहिणीच्या पोरासकट. साक्ष देशील का म्हणून विचारलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "देतो ना जी, कायले नाई देऊ? पण आंधी त्याले म्हणा, माह्यी पार बांधून दे."

पार बांधायचं शिमग्यानंतर ठरलं आहे. चर सहा आहेत, एकट्याने होणार नाही. टोळीतले नऊ जण येतो म्हणाले आहेत. ज्या गावांना जमेल त्यांनी दोन-दोन माणसं पाठवावीत, कुदळ-फावडे आपापले आणावेत. जेवण मावशीकडे नाही, तिच्याकडे या साली धान नाही. तांदूळ सोबत घेऊन या.